तीन वर्षं कुणाकडे आहेत?

आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा यंदा गच्चीवर भरली. वर ताडपत्री, खाली भाड्याने आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, कठड्यावर चहाचा थर्मास आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत आधीच जागा धरून बसलेली ज्येष्ठ मंडळी. विषय एकच, पुनर्विकास. नवी मुंबईतल्या वाशीतली आमची इमारत सिडकोने, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेली, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. सेक्रेटरींनी स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल वाचला. कॉलममधल्या सळया गंजून फुगल्यात, स्लॅबचं प्लास्टर सुटतंय, नुसत्या डागडुजीवर फार काळ भागणार नाही. प्रत्येकाच्या घरात स्वयंपाकघराच्या नाहीतर मोरीच्या छताची खपली कधी ना कधी खाली आलेली आहे, त्यामुळे अहवालात नवं काही नव्हतं. विकासक ठरवायचा, संमतिपत्रं भरायची, तीन वर्षं बाहेर भाड्याने काढायची आणि मोठ्या, लिफ्टच्या घरात परत यायचं. माना डोलत होत्या. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू उठल्या. वय 78. काठी खुर्चीला टेकवून म्हणाल्या, "तीन वर्षं म्हणताय. ती तुमच्याकडे आहेत. मला मधेच काही झालं तर कुठल्या दारातून काढणार मला? परक्याच्या?"

मागच्या रांगेतल्या एका तरुण सभासदाने हळूच म्हटलं, "काकू, पुढच्या पिढीचा पण विचार करायला हवा ना." काकू रागावल्या नाहीत. "माझी पुढची पिढी टोरंटोला आहे रे बाळा. ती म्हणते, आई, विकून टाक आणि मोकळी हो." एवढं बोलून त्या बसल्या. कायद्याने 51 टक्के सभासदांची संमती पुरते, 2019 च्या शासन निर्णयापासून तसंच आहे, आणि तेवढ्या सह्या त्या सकाळी झाल्याही असत्या. पण कोणी फॉर्म पुढे सरकवला नाही. चहा झाला, सभा तहकूब झाली. मला काकूंचा राग आला होता आणि तो धड धरूनही ठेवता येत नव्हता. आमच्या बेडरूममधल्या छताला पडलेल्या भेगेकडे मी रोज रात्री बघते. आणि माझी आई वारली ती ह्याच इमारतीतल्या खोलीत, ओळखीच्या पंख्याखाली, ओळखीच्या हातांत. दोन्ही गोष्टी मला माहीत आहेत.

आम्ही वाशीत राहायला आलो तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. वडील पस्तिशीचे. आख्ख्या सेक्टरमधले सगळेच वडील पस्तिशीचे, सगळ्या आया तिशीच्या आणि सगळी मुलं पाटी-दप्तराची. घरं एका वेळी बांधून एका वेळी वाटली गेली, त्यामुळे गिरगाव-लालबागच्या खोल्या सोडून निघालेली, साधारण एकाच वयाची आणि एकाच पगाराची कुटुंबं एका दमात इथे येऊन उतरली. संध्याकाळी खाडीपुलावरून येणाऱ्या बस थांब्यावर रिकाम्या व्हायच्या आणि उतरणाऱ्यांच्या हातात मुंबईहून आणलेल्या भाजीच्या पिशव्या असायच्या, कारण इथे धड बाजार नव्हता. झाडं नव्हती. वाऱ्याला खाडीच्या चिखलाचा वास, आणि रात्री कारखान्यांच्या पट्ट्याकडून काहीतरी रासायनिक, घशात बसणारं. म्हातारी माणसं जवळपास नव्हतीच. आजी-आजोबा गावाला असायचे. कोणाचे आजोबा गेले हे कळायचं ते तार आल्यावर, मग ते घर पंधरवडाभर कुलूपबंद. शहरात माणसं मरत नाहीत, मरायला गावी जावं लागतं, असं मला लहानपणी खरोखर वाटायचं.

आता सकाळी आठला जिन्यात भेटतात त्या तुर्भे-कोपरखैरण्याहून रुग्णसेवेला येणाऱ्या बायका. पूर्वी ह्याच वेळेला रिक्षावाले काका गेटाशी दप्तरं हुकाला अडकवत असायचे. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मोठ्या माणसांचे डायपर दर्शनी फळीवर आलेत, बाळांचे मागे गेलेत.

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी 1965 मध्ये खाडीपलीकडच्या शहराची, म्हणजे नवी मुंबईची, कल्पना मांडली. 1970 मध्ये सिडको आली, 1973 मध्ये खाडीपूल, आणि लोकल वाशीपर्यंत पोचायला 1992 उजाडलं. पस्तिशीतल्या माणसांनी भरलेलं शहर पंचाहत्तरीत कसं जगेल, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनात येण्यासारखा नव्हता. देशच तरुण होता. त्या काळी एका बाईमागे पाचाहून जास्त मुलं जन्मत होती. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा आकडा देशासाठी 2.0 वर आणि महाराष्ट्रासाठी 1.7 वर आलेला आहे. लोकसंख्या आहे तेवढी राहायला 2.1 लागतात. 2022 मध्ये दर दहा भारतीयांमागे जेमतेम एक जण साठीपुढचा होता, 2050 पर्यंत पाचांमागे एक असेल, असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज आहे. वाशीने ती वाट देशाच्या बरीच आधी चालायला घेतली, एवढंच. एकदम भरलेलं शहर एकदमच म्हातारं होतं. माणसं, स्लॅब आणि जमिनीखालचे पाइप, सगळ्यांच्या जन्मतारखा जवळजवळच्या.

स्लॅब निदान डोक्यावर पडून आठवण करून देतो. जमिनीखालचं आणि पाण्याखालचं कोणी बघत नाही. वाशीचा बराच भाग भराव घालून वर आणलेला आहे, मोठ्या भरतीच्या पातळीला जेमतेम पुरणारा. म्हणून खाडीच्या कडेने धारण तलाव खोदले आणि त्यांच्या तोंडाशी झडपा बसवल्या. भरती चढली की खाडीच्या पाण्याच्याच दाबाने झडप मिटते. खाडी आत येत नाही आणि तेवढा वेळ शहरावर पडलेला पाऊस तलाव पोटात धरून ठेवतो. ओहोटी लागली की आतलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. मी लहान असताना वडिलांनी मला काठावर नेऊन ही झडप दाखवली होती. लोखंडाचा जाडजूड पत्रा, वरच्या कडेला बिजागरी, खालच्या कडेला शेवाळ आणि चिकटलेले शिंपले. पाणी फिरण्याची वेळ होती. पत्रा थरथरला, मग बोटभर उघडला आणि त्या फटीतून काळं पाणी हिसका मारून निघालं. "वीज लागत नाही, माणूस लागत नाही," वडील म्हणाले. त्यांच्या आवाजात असा अभिमान होता की जणू त्यांनीच ती बसवली होती. आज त्या तलावांत गाळ भरलाय, गाळावर कांदळवन उभं राहिलंय आणि कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, ते असायलाही हवं. त्यामुळे गाळ काढायचा म्हटलं की परवानग्यांचा लांब रस्ता. जेवढा गाळ जास्त, तेवढा पाऊस कमी मावणार. तलावाकाठी संध्याकाळी फिरायला येतात ते बहुतेक ज्येष्ठच. त्यांनी बाकं मागितली, ती आली, चांगली आली. मी स्वतः त्या अर्जावर सही केली होती. गाळासाठी कोणी तशा सह्या गोळा केलेल्या मला आठवत नाहीत.

28 जानेवारी 2025 ला जपानमध्ये, टोकियोजवळच्या याशिओ शहरात, सकाळी एका चौकातला रस्ता खचला आणि धावता ट्रक खड्ड्यात गेला. खालची सांडपाण्याची मोठी वाहिनी सुमारे 40 वर्षांपूर्वीची होती. ती झिजली, माती आत ओढली गेली आणि वरचा रस्ता पोकळ झाला. आसपासच्या 12 लाख लोकांना आंघोळीला आणि कपडे धुवायला पाणी कमी वापरा असं सांगायची वेळ आली. ट्रक चालवणाऱ्याचं वय 74 होतं. हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. जिथे जवळपास 30 टक्के लोक पासष्टीपुढचे आहेत तिथे चाळीस वर्षांच्या पाइपावरून चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस मालट्रक चालवत होता. पाइप बदलायला पैसा लागतो, हात लागतात, आणि कर भरणारे कमी होत चालले की दोन्हीची ओढाताण सुरू होते. वाशीतल्या पहिल्या सेक्टरांच्या वाहिन्या साधारण त्याच वयाच्या आहेत.

पण त्याच जपानात उलटंही घडलंय. होक्काइदो बेटावरचं युबारी हे कोळशाच्या खाणींचं गाव. 1960 च्या आसपास तिथे लाखाहून जास्त वस्ती होती. खाणी बंद पडत गेल्या, तरुण निघून गेले, आणि नगरपालिकेने लोक परत यावेत म्हणून कर्ज काढून करमणुकीची उद्यानं आणि पर्यटनाचे प्रकल्प उभारले. लोक आले नाहीत. 2007 मध्ये गावाची दिवाळखोरी अधिकृत झाली, शाळा एकत्र कराव्या लागल्या, वस्ती 10 हजारांच्याही खाली गेली. म्हणजे म्हातारं होणारं गाव भविष्यावर खर्चच करत नाही असं म्हणता येत नाही. कधी ते भीतीपोटी भलत्याच भविष्यावर खर्च करून बसतं. नवा पूल, नवा भुयारी मार्ग, नवं स्थानक दिसलं की मला आनंदच होतो, अटल सेतूवरून पहिल्यांदा गेले तेव्हा डोळे भरून आले होते. तरीही प्रत्येक नव्या कामापाशी मला विचारावंसं वाटतं की हे जुनं झाल्यावर राखायला किती हात असतील.

जेम्स पोटर्बा या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाचा 1997 चा एक अभ्यास आहे. ज्या राज्यांत ज्येष्ठांचं प्रमाण जास्त, तिथे दर मुलामागे सार्वजनिक शाळांवर होणारा खर्च कमी, असं त्यांना आढळलं. ह्यातला पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्येष्ठ एका वंशाचे आणि शाळेतली मुलं दुसऱ्या वंशाची असतील तिथे ही घट आणखी मोठी होती. मुलं आपली वाटली तर हात खिशाकडे जातो, परकी वाटली तर जात नाही. हे वाचताना मला आमच्या तळमजल्यावरचं भाडेकरू कुटुंब डोळ्यांसमोर आलं. इमारतीत शाळेत जाणारी मुलं आता मुख्यतः भाडेकरूंचीच आहेत. मालकांची मुलं पुण्याला, बंगळूरला, टोरंटोला. तळमजल्यावरच्या धाकट्या मुलीचा पलंग नेमका त्या छताखाली आहे जिथून मागच्या पावसात थाळीएवढी खपली पडली होती. तिच्या आईने त्यावर जुनी फ्लेक्सची शीट ताणून बांधली आहे. पुढची पन्नास वर्षं ज्यांच्यापुढे आहेत अशी इमारतीतली माणसं म्हणजे ही मुलं, आणि सभेत त्यांच्या घरातून कोणी नसतं, कारण भाडेकरूला मत नाही. आमचा सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठीची राखीव पुंजी, दरवर्षी बांधकामखर्चाच्या किमान पाव टक्का जमा करायचा असतो आणि बांधकामखर्च धरायचा तो मूळचा, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीचा. वाढवायचा प्रस्ताव आला की दरवेळी तोच सूर, आता आम्हाला किती राहायचंय. मग पुढचं सगळं ओझं विकासकाच्या गणितावर जातं.

म्हणून ज्येष्ठांना दोषी धरायचं का? मला तसं वाटत नाही, आणि हे मी ठासून लिहिते. रेल्वेतली ज्येष्ठांची तिकीट-सवलत मार्च 2020 मध्ये थांबली. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरिबाला मिळणारा केंद्राचा वाटा महिना 200 रुपये आहे आणि तो 2007 पासून तिथेच आहे. राज्य भर घालतं तेव्हा 1,500 होतात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या सासूबाईंना ते मिळतात, त्यात गुडघ्याच्या गोळ्यासुद्धा महिनाभर पुरत नाहीत. दुसरीकडे 1 नोव्हेंबर 2005 नंतर राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांनी जुन्या पेन्शनसाठी मार्च 2023 मध्ये संप केला, तेव्हा वर्तमानपत्रांतून हिशेब येत होते की पेन्शनवर एवढा पैसा गेला तर रस्त्यांना, धरणांना काय उरणार. हिशेब चूक नव्हता. पण संपावर गेलेल्या माझ्या मैत्रिणीला, शिक्षिका आहे ती, मी विचारलं, तर ती म्हणाली, "अगं, मला महाल नकोय. साठीनंतर महिन्याला किती येणार हे कळू दे, मग तू म्हणशील त्या धरणाला मी हो म्हणेन."

तिचं हे बोलणं आणि काकूंचं बोलणं माझ्या मनात एकत्रच राहिलं.

घणसोलीजवळून बुलेट ट्रेनचा बोगदा जातो, शिळफाट्यापासून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंतचा, त्यातला 7 किलोमीटरचा भाग ठाण्याच्या खाडीखालून. ह्या प्रकल्पाचं जपानी कर्ज 0.1 टक्का व्याजाने 50 वर्षांत फेडायचं आहे, पहिली 15 वर्षं मुद्दलाची फेड नाही. अटल सेतूलाही जपानचं कर्ज आहे. जपानमध्ये व्याजदर इतकी वर्षं शून्याजवळ का राहिले याला कारणं बरीच, त्यात लोकसंख्या म्हातारी होणं हेही एक. बचत करणारे खूप, नवं घर-कारखाना काढणारे थोडे. तो स्वस्त पैसा इथे आला, कारण इथे अजून तरुण हात आहेत. आज कॉलेजात असलेली मुलगी कर्जाचा शेवटचा हप्ता जाईल तेव्हा सत्तरीजवळ असेल. ती फेडणार कशातून? तोवर आपल्याकडेही औषधं, पेन्शन आणि रुग्णसेवेचा खर्च आजच्या किती तरी पट झालेला असणार. बांधायचं ते आत्ताच बांधायला हवं, याबद्दल मला शंका नाही. हीच वर्षं आहेत. पण बांधताना आजच्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या उरलेल्या वर्षांची हमी दिली नाही, तर तो मत देताना आजचं तेवढं मागणार, आणि मागितलेलं आजचंच त्याला मिळणार. भीतीतला माणूस लांबचा विचार करत नाही. त्याला स्वार्थी म्हणणं अन्याय आहे.

ह्या शहराला हे कळायला हवं, कारण ह्याच जमिनीवर ते एकदा घडून गेलंय. 95 गावांची शेतं, मिठागरं, खाजणं नव्या शहरासाठी घेतली गेली. भविष्य मोठं होतं, नकाशा सुंदर होता, पण ज्यांची जमीन जाणार त्यांचं मधल्या वर्षांत काय, याचं लेखी उत्तर नव्हतं. जानेवारी 1984 मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान फाट्याला लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत द्यायचं तत्त्व त्या लढ्यातून आलं. आम्ही बाहेरून आलेले लोक ज्या भविष्यात राहायला आलो त्याची किंमत दुसऱ्याच कोणीतरी भरली होती, आणि हिशेबही नंतर, रक्त सांडल्यावर मांडला गेला. शाळेत माझ्या बाकावर वाशीतल्याच जुन्या जुहूगावची मुलगी बसायची. तिच्या घरी एक आजोबा होते, वाशीत मी पाहिलेले पहिले आजोबा. ते आमच्या इमारतींकडे बघायचे पण आमच्याशी बोलायचे नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मला फार उशिरा लागला.

सभेनंतर काही दिवसांनी मी काकूंकडे गेले. त्यांनी पोहे केले होते. जिने चढून कोणी आलं की त्या काहीतरी करतातच, स्वतः मात्र महिनोन्महिने खाली उतरत नाहीत, कारण उतरलं तर चढावं लागतं. मी विचारलं, "काकू, काय झालं तर तुम्ही सही कराल?" त्या लगेच बोलू लागल्या, जणू कोणी विचारायची वाट बघत होत्या. भाड्याचं घर ह्याच सेक्टरमध्ये, म्हणजे डॉक्टर तेच, दूधवाला तोच. तळमजल्यावर, नाहीतर लिफ्ट हवी. तीन वर्षांचं भाडं महिन्यामहिन्याला विकासकाच्या मर्जीवर नको, आधीच बँकेत त्यांच्या नावावर ठेवायचं. सामान हलवायला माणसं सोसायटीने द्यायची. आणि काही झालंच, तर आधी ह्या इमारतीच्या गेटाशी आणायचं, पाचच मिनिटं, इमारत पाडलेली असली तरी. शेवटचं सांगताना त्यांचा आवाज हलला नाही, माझाच घसा दाटून आला. ह्यातलं एकही मागणं अवघड नव्हतं. सभेत त्यांच्याकडे त्याग मागितला गेला, अटी कोणी विचारल्याच नाहीत.

मी ते सगळं कागदावर उतरवून सेक्रेटरींना दिलं आहे. तीन वर्षांचं भाडं आगाऊ ठेवीत आणि त्याची बँक गॅरंटी हा मुद्दा करारनाम्यात पहिला यावा, सत्तरीपुढच्या प्रत्येक सभासदाला घरी जाऊन त्याच्या अटी विचाराव्यात, सिंकिंग फंड मूळ खर्चावर न धरता आजच्या बांधकामदरावर धरावा. आणि पुढच्या सभेला भाडेकरूंनाही बोलवावं, मत नसलं तरी बसता येईल, बोलता येईल, कारण छत त्यांच्याही मुलांच्या डोक्यावर आहे. तिसऱ्या मुद्द्यावर खजिनदार तयार नाहीत. चौथ्यावर दोन सभासदांनी लेखी हरकत घेतली आहे. पहिले दोन मुद्दे विषयपत्रिकेवर आलेत. धारण तलावातल्या गाळासाठीच्या अर्जाचा मसुदाही मी केलाय. त्यावर पहिली सही काकूंची आहे.